‘हे आयटीचं काम’ की ‘हे तुमचं काम’? कारखान्यात तंत्रज्ञानाची जबाबदारी वाटून घेण्याची पद्धत

गाडी भरून गेटवर उभी होती. ड्रायव्हर चहा पिऊन परत आला तरी ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने न्यायला लागणारी जीएसटीची ऑनलाइन पावती, निघालं नव्हतं. पोर्टलचा पासवर्ड बरोबर होता, पण ओटीपी जात होता तीन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाइलवर. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, “लॉगिनचा प्रश्न आहे, आयटीला सांगा.” त्या कारखान्यात आयटी मीच बघत होतो. मी म्हणालो, “पोर्टल जीएसटीचं आहे मॅडम, ते तुमच्याकडे येतं.” आम्हा दोघांचंही म्हणणं अर्धं खरं होतं. गाडी दुपारी अडीचला हलली आणि ग्राहकाची उत्पादनाची लाइन त्या मालासाठी थांबून राहिली.

त्या दिवसानंतर मी जी पद्धत बसवत गेलो, ती इथे पायरीपायरीने लिहितो. पन्नास ते दोनशे माणसांचा कारखाना, हिशोबासाठी टॅली किंवा एखादा छोटा ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर), आयटीला एखाद-दुसरा माणूस किंवा बाहेरचा एएमसीवाला, म्हणजे वार्षिक करारावर देखभाल करणारा, असं चित्र डोळ्यासमोर धरलं आहे. नव्याने विभागप्रमुख झालेल्यांना, आयटीत नुकत्याच लागलेल्यांना आणि दोन्हीकडची भांडणं रोज सोडवणाऱ्या मालकांना याचा उपयोग व्हावा.

पायरी १ : वही घेऊन आठवडाभर फिरा

संगणकांची यादी बहुतेक ठिकाणी आधीच असते. विम्यासाठी किंवा ऑडिटसाठी कोणीतरी केलेली असते. आपल्याला हवी आहे ती कामांची यादी. गेटपासून सुरुवात करा आणि माल ज्या वाटेने फिरतो त्या वाटेने डिस्पॅचपर्यंत जा. प्रत्येक टेबलाशी थांबून दोनच गोष्टी विचारा : सकाळी आल्यावर पहिलं काय उघडता? आणि ते उघडलं नाही तर काय अडतं?

गेटवर वजनकाट्याचं सॉफ्टवेअर निघेल. स्टोअर्समध्ये जीआरएन (माल आल्याची नोंद) आणि इश्यू स्लिपा (माल दिल्याच्या चिठ्ठ्या), परचेसकडे दरांची एक्सेल शीट, एचआरकडे पंचिंग मशीन आणि पीएफचं पोर्टल, शॉप फ्लोअरवर मशीनला जोडलेला जुना पीसी. सेल्सकडे मोठ्या ग्राहकांची स्वतःची पोर्टल्स निघतील, ज्यावर माल पाठवण्याआधी नोंद करावी लागते. हे सगळं लिहा.

पाच गोष्टी मात्र कोणी आपणहून सांगत नाही, त्या खोदून विचाराव्या लागतात. ओटीपी ज्या ज्या मोबाइलवर येतात ते नंबर. डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे ते डोंगल, कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते. कंपनीच्या वेबसाइटचं आणि ईमेलचं डोमेन कोणाच्या नावावर आहे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर ते नोंदलेलं असण्याची शक्यता बरीच असते. एकाच माणसाला समजणाऱ्या एक्सेल फायली. आणि ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचं प्रॉडक्शन प्लॅनिंग जातं, तो ग्रुप. व्हॉट्सॲपला कोणी ‘सिस्टिम’ म्हणत नाही, पण त्यावर आलेल्या फोटोवरून दुसऱ्या पाळीचं काम लागत असेल तर ती सिस्टिमच आहे. यादीत घ्या.

पायरी २ : प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा

प्रश्न असा : यात चूक झाली, तर सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात येईल?

‘संगणकाचं कोणाला जास्त कळतं’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी आयटी असं येतं आणि मग पगारपत्रकापासून प्रिंटरच्या कागदापर्यंत सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. चूक कोणाला आधी दिसेल हे विचारलं की वाटणी आपोआप होते. आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या मालाच्या मूळ यादीत, एखाद्या भागाचा एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक) चुकला, तर सर्व्हरला त्याचं काहीच वाटत नाही. तो चुकीची इन्व्हॉइस तितक्याच वेगाने छापत राहतो. ही चूक अकाउंट्सला किंवा स्टोअर्सलाच दिसू शकते. उलट सर्व्हरची डिस्क भरत आली आहे, हे अकाउंट्सला कळतं ते टॅली बंद पडल्यावर. ते आयटीला महिनाभर आधी दिसायला हवं.

उत्तरं आली की प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने भरा. पहिला, मालक, म्हणजे कारखान्याचा नव्हे, त्या कामाचा. माहिती बरोबर आहे की नाही, ती कोणी पाहावी आणि दुरुस्तीसाठी काम कधी बंद ठेवता येईल, हे तो ठरवतो. दुसरा, सांभाळणारा. तो ती गोष्ट चालू ठेवतो, अपडेट करतो, तिचा बॅकअप घेतो. तिसरा, हे दोघं रजेवर असताना कोण.

रकान्यात विभागाचं नाव लिहू नका, माणसाचं लिहा. ‘अकाउंट्स’ असं लिहिलं की सोमवारी सकाळी त्या खोलीतला प्रत्येक जण शेजारच्याकडे बघतो.

दोन ठिकाणी वाद होतील. पंचिंग मशीन भिंतीवर आहे, त्याची वायर आयटीने टाकली, पण त्यातून पगार निघतो. माझं मत स्पष्ट आहे : मालक एचआर. गहाळ पंच एचआरला आधी दिसतात. यंत्र जाळ्यावर, म्हणजे नेटवर्कवर, दिसतं की नाही, एवढंच आयटीने बघायचं.

दुसरा वाद मशीनला जोडलेल्या पीसीचा, आणि तो खरोखर अवघड आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, पण अनेक मशीनवर त्याहूनही जुनं विंडोज चालू आहे आणि मशीन विकणारी कंपनी त्याला हात लावू देत नाही. आयटी म्हणतं अपडेट करा, मेंटेनन्स म्हणतं मशीन बंद पडलं तर उत्पादन कोण देणार. अशा पीसीचा मालक मेंटेनन्सचा प्रमुख ठेवावा. अपडेटचा हट्ट आयटीने सोडावा आणि बदल्यात दोन गोष्टी मिळवाव्यात : तो पीसी ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळा राहील, आणि त्यात आयटीने दिलेला, दुसरीकडे कुठेही न लागणारा पेन ड्राइव्हच लागेल. हा सौदा पार पडला की दोन्ही बाजूंची झोप सुधारते. मी तो तीन ठिकाणी पार पडलेला पाहिला आहे.

पायरी ३ : लॉगिन, राइट्स आणि सोडून गेलेली माणसं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी पाहिलेले बहुतेक घोटाळे आणि बहुतेक खोळंबे या एका जागेवरून सुरू झाले.

नियम साधा ठेवा. राइट्स, म्हणजे सिस्टिममध्ये काय बघता-बदलता येईल याची परवानगी, विभागप्रमुख मागतो, आयटी देतं, आणि मागणी लेखी असते. ईमेल चालेल, व्हॉट्सॲप मेसेजही चालेल, फक्त तो नंतर सापडला पाहिजे. कॅन्टीनमध्ये तोंडी सांगितलेलं चालणार नाही. परचेसच्या मुलाला स्टॉक दिसावा की नाही, हे आयटीने ठरवायचं नाही. आणि मागणी आल्याशिवाय, ओळखीचा आहे म्हणून, आयटीने राइट्स द्यायचेही नाहीत. नवीन आयटीवाल्या मुलांना हे जड जातं. समोरचे काका वीस वर्षं कंपनीत असतात, त्यांना ‘आधी तुमच्या साहेबांचा मेल लागेल’ असं कसं म्हणायचं? म्हणायचं, आणि नम्रपणे म्हणायचं. कारखान्याच्या मालकांनी एकदा सगळ्यांसमोर हा नियम सांगून टाकला तर त्या मुलावरचा भार उतरतो.

एकच लॉगिन चौघांनी वापरणं बंद करा. खासगी किंवा पब्लिक लिमिटेड कंपनी असाल तर त्याला कायदेशीर बाजूही आहे. १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणं बंधनकारक आहे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. टॅलीमध्ये त्याला एडिट लॉग म्हणतात. आता कल्पना करा, सगळे ‘ॲडमिन’ नावानेच टॅलीत शिरतात. लॉग इमानेइतबारे सांगेल की व्हाउचर ॲडमिनने बदललं. ऑडिटर विचारेल, हा ॲडमिन कोण? इथे दोन्ही बाजूंचं काम आहे : वेगवेगळे यूजर तयार करणं आयटीचं, आणि आपला पासवर्ड शेजाऱ्याला न देणं प्रत्येकाचं. घाईच्या वेळी पासवर्ड दिला जातोच, त्याचं कारण बहुतेकदा असं असतं की रजेवर गेलेल्याचं काम करायला दुसऱ्या कोणाला राइट्सच नसतात. पायरी २ मधला तिसरा रकाना नीट भरला की ही वेळ येत नाही.

नेट बँकिंगबद्दल मी ठाम आहे. पेमेंट भरणारा मेकर आणि मंजूर करणारा चेकर, दोघंही अकाउंट्सचे किंवा संचालक असावेत. आयटीच्या माणसाकडे यातली कोणतीही भूमिका असू नये, ‘तात्पुरती’ सुद्धा नाही. चेकरसाहेबांचा संगणक दुरुस्त करून द्यावा आणि उठून यावं.

आता सोडून जाणारी माणसं. एचआरने राजीनामा मंजूर केला त्याच दिवशी आयटीला आणि विभागप्रमुखाला कळवायचं, शेवटच्या दिवशी संध्याकाळी नाही. विभागप्रमुखाने यादी काढून बघायचं : या माणसाच्या मोबाइलवर कोणकोणते ओटीपी येतात, कोणत्या सरकारी पोर्टलवर त्याचा नंबर आहे, ग्राहकांच्या कोणत्या पोर्टलवर त्याचं नाव आहे. आयटीला हे माहीत असणं शक्य नाही, कारण ही पोर्टल्स कंपनीच्या सर्व्हरवर नसतातच. लॉगिन बंद करणं, मेल दुसऱ्याकडे वळवणं, लॅपटॉप परत घेणं हे आयटीचं.

ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच ओटीपीसारखी दुसरी खातरजमा द्यावी लागते. म्हणून माझ्या त्या गाडीसारखी गत आता कोणाचीही होऊ शकते. उपाय सोपा आहे : पोर्टलवर डिस्पॅच आणि अकाउंट्समधल्या दोघा-तिघांची सब-यूजर (मुख्य खात्याखालचे वापरकर्ते) म्हणून वेगळी नोंद करा, प्रत्येकाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरसह. मुख्य लॉगिनचा नंबर मात्र कंपनीच्या नावावरच्या सिमचा ठेवा, आणि त्या सिमचं रिचार्ज कोण करतं हेही यादीत लिहा.

पायरी ४ : एक्सेलला बंदी घालू नका

आयटीत नवीन आलेल्यांना एक्सेल फायली डोळ्यात खुपतात. पण एक्सेल म्हणजे विभागाने स्वतःच्या हिमतीवर सोडवलेला प्रश्न असतो, त्याचा मान राखा. बंदी घातली तर त्या फायली डेस्कटॉपवरून घरच्या लॅपटॉपवर जातील, एवढंच.

तरी कुठे थांबायचं हे कळायला हवं. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण काही दिवस गळून पडले होते. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत भरली जात होती. त्या फायलीत ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते, त्यामुळे उरलेल्या नोंदी बाहेर राहिल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. जुन्या फायलीची ही मर्यादा तंत्रज्ञांना माहीत असते, आणि रोज किती नोंदी यायला हव्यात याचा अंदाज काम करणाऱ्यांना असतो. या दोन गोष्टी एका टेबलावर आल्या की असं घडणं अवघड होतं.

आमच्याकडे मी तीन प्रश्न ठेवले होते. ही फाइल एकाहून जास्त माणसं भरतात का? तिच्यावरून पैसे जातात किंवा माल सुटतो का? भरणारा माणूस आठवडाभर आला नाही तर काम अडतं का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ती फाइल ईआरपीत आणण्याच्या रांगेत टाका. तोपर्यंत ती आयटीने दिलेल्या सामायिक फोल्डरमध्ये राहील, तिचा बॅकअप होईल, आणि तिच्यातली सूत्रं विभागातल्या दुसऱ्या एकाला समजावलेली असतील. बाकी फायली आहेत तशा असू द्या.

पायरी ५ : नवीन सॉफ्टवेअर घेताना

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला. तो युक्रेनमधल्या कंपन्या कर भरण्यासाठी जे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरत, त्याच्या अपडेटमधून आत शिरला. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम त्याने बंद पाडलं. आपल्या न्हावा शेवा बंदरात या समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनलही त्यात ठप्प झालं. कंपनीला सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी पुन्हा उभे करावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. नंतर प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, युक्रेनमधल्या ओडेसा इथल्या कार्यालयातल्या वित्त विभागाच्या अधिकाऱ्याने ते सॉफ्टवेअर एका संगणकावर टाकून मागितलं होतं आणि आयटीने टाकून दिलं होतं.

यात मागणाऱ्याचं काय चुकलं? काहीच नाही, कर भरायला ते लागतच होतं. टाकून देणाऱ्यानेही सांगितलेलं काम केलं. राहून गेलं ते मधलं बोलणं : हा संगणक आणखी कशाकशापर्यंत पोहोचू शकतो, आणि त्याला तिथपर्यंत पोहोचू देण्याची गरज आहे का?

म्हणून खरेदीआधी एका पानावर दोघांनी मिळून लिहा. विभागाने लिहायचं : काम काय, माहिती कोणाची, रोज कोण वापरणार, नसेल तर आज कसं भागतं. आयटीने लिहायचं : ते कशाला जोडावं लागेल, माहिती कुठे साठेल, सोडायचं ठरलं तर आपली माहिती बाहेर कशी काढता येईल. खर्च कोणाच्या बजेटमधून आणि रिन्यूअलची तारीख कोण लक्षात ठेवणार, हेही. क्लाउडवरचं सॉफ्टवेअर असेल तर ‘सगळं ते बघतात’ असं विक्रेता सांगेल. तो त्याचा सर्व्हर बघतो. कोणाला लॉगिन द्यायचं आणि आत काय भरायचं, हे आपल्याकडेच राहतं. कामगारांच्या आधारच्या प्रती किंवा बँक खात्याचे तपशील त्यात जाणार असतील तर एचआरने सही केल्याशिवाय पुढे जाऊ नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा पुरेशी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो, आणि माहिती आपण गोळा केलेली असते, सॉफ्टवेअरवाल्याने नव्हे.

पायरी ६ : बॅकअप आयटीने घ्यायचा, उघडून विभागाने बघायचा

कंपन्यांना हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा लागतो, हा २०२२ पासूनचा नियम आहे. रोज रात्री हिरवी खूण दिसते म्हणून आयटी निश्चिंत असतं. पण त्या फायलीत कालचं शेवटचं व्हाउचर आहे का, हे आयटी सांगू शकत नाही. महिन्यातून एकदा आयटीने बॅकअप वेगळ्या संगणकावर उघडून द्यावा आणि अकाउंट्सच्या माणसाने पाच गोष्टी तपासाव्यात : शेवटचं व्हाउचर, बँकेची शिल्लक, एखाद्या ग्राहकाची येणी, स्टॉकचा एक आकडा आणि गेल्या वर्षाची एक जुनी नोंद. पंधरा मिनिटं लागतात. तारीख आणि सही वहीत.

एक प्रत अशी ठेवा जी एरवी कशालाच जोडलेली नसते. मर्स्कचं उदाहरण इथेही आठवतं. कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणारे त्यांचे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते, आणि व्हायरसने ते सगळेच पुसले. वाचला तो घानामधला एक, कारण तिथे नेमकी वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता.

पायरी ७ : बिघाड झाल्यावर

‘सिस्टिम चालत नाही’ एवढ्यावर आयटीला काही करता येत नाही. विभागाने सांगायचं : काय करत होतात, स्क्रीनवर काय आलं त्याचा फोटो, एकालाच होतंय की सगळ्यांना, आणि किती वाजेपर्यंत सुरू झालं नाही तर काय अडेल. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ती कळली तरच आयटीला प्रिंटर आधी की डिस्पॅच आधी हे ठरवता येतं. आयटीने सांगायचं : पुढची बातमी किती वाजता देतो. दुरुस्त झालं नसलं तरी त्या वेळेला फोन करायचा.

कागदावर काम कसं करायचं, हे मात्र विभागाने आधीच ठरवून ठेवावं. हाती चलनाचं पुस्तक कुठे आहे आणि सिस्टिम आल्यावर नोंदी कोण चढवणार, हे आयटीचं काम नाही.

पैसे फसवणुकीने गेल्याचं कळलं तर ज्याला कळलं त्याने त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा. आयटीचा माणूस येण्याची, साहेबांना विचारण्याची वाट बघायची नाही. लवकर कळवलं तर रक्कम पुढे जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावं लागतं, हा २०२२चा आदेश आहे, आणि लॉग, म्हणजे संगणकांवर काय घडलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. कळवणं आयटीचं, पण सहा तास मोजायला सुरुवात होते विभागातल्या कोणाच्या तरी लक्षात आल्यापासून. म्हणून चुकीच्या लिंकवर क्लिक केलेल्या माणसावर ओरडू नका. पुढच्या वेळी तो लपवेल.

पायरी ८ : महिन्यातून अर्धा तास

यादी एकदा करून फाइलीत लावली तर सहा महिन्यांत शिळी होते. मागच्या महिन्याच्या हिशोबाचं काम संपलं की, म्हणजे साधारण पंचवीस तारखेच्या आधी कधीतरी, मालक-रकान्यातली माणसं आणि आयटी यांनी अर्धा तास बसावं. नवीन आले कोण, गेले कोण, पुढच्या दोन महिन्यांत काय रिन्यू करायचं आहे, कोणतं काम दोन्हीकडे लोंबकळतंय. एवढंच बोला. तक्रारी सांगायला वेगळी वेळ ठेवा.

आयटीचा स्वतःचा माणूस नसेल आणि सगळं बाहेरच्या एएमसीवाल्याकडे असेल, तरी वरच्या सगळ्या पायऱ्या लागू आहेत, फक्त सांभाळणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव येईल. मालकाच्या रकान्यात ते कधीही येऊ देऊ नका. सर्व्हर, राउटर, डोमेन आणि बॅकअप यांचे ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडून लिहून घ्या, पाकिटात बंद करा, पाकिटावर दोघांच्या सह्या घ्या आणि ते तिजोरीत ठेवा. एकच आयटीवाला असेल तर त्याच्यासाठीही हेच करा. हा त्याच्यावरचा अविश्वास नाही, हे त्याला आधी समजावून सांगा : तो लग्नाला गावी गेला असताना त्याचा फोन वाजू नये, यासाठी हे आहे. दर सहा महिन्यांनी पाकीट त्याच्यासमोर फोडायचं, प्रत्येक पासवर्ड चालतो का ते टाकून बघायचं, मग सगळे बदलून नवीन पाकीट बंद करायचं.